पालथं घातलेलं ताट

बाळीवेस, सोलापूर
९ नोव्हेंबर २०२४

भुवनेश्वरी,

आशीर्वाद वगैरे लिहीत नाही. मुद्द्याचं लिहितो. तू जे पुस्तक लिहायला घेतलं आहेस ते बंद कर.

मला कसं कळलं ते सांगतो. शेजारच्या उत्कर्षाबाईंचं झेरॉक्सचं दुकान आहे. दर महिन्याला तू इंटरनेटवरून लोकांना जे पत्र पाठवतेस, लिखाण कुठवर आलं, मी काय वाचलं, तुम्ही काय वाचा, ते त्यांच्या फोनवर येतं. परवा त्यांनी ते छापून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "काका, तुमची मुलगी किती छान घाबरवते हो." मी हो म्हणालो.

मग माझ्या दुकानात बसून वाचलं. नऊ प्रकरणं झाली म्हणतेस. कादंबरीचं नाव 'बसलेली'. एक बाई वारते, तिच्या समाजाच्या रीतीप्रमाणे तिला मांडी घालून, बसवून पुरतात, आणि रोज संध्याकाळी ती उठून आपल्या घराच्या मागच्या दाराशी येते. हे वाचल्यावर मी शटर अर्धं ओढून घेतलं. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला उद्या ये म्हणालो.

तुझ्या आईला असंच बसवलं होतं. तू तेव्हा चौथीत होतीस. ही गोष्ट बाळीवेशीत सगळ्यांना माहीत आहे. दाक्षायणीचं नाव बदलून तू पार्वती केलंस म्हणून कोणी फसणार नाही.

माझं शिक्षण आठवीपर्यंत. पण विभूती आणि गळ्यात लिंग बांधायची शिवदारं विकण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे एवढं मला कळतं. आपल्यात माणूस गेलं की ते लिंगैक्य होतं. तिथे संपतं. आपण पिंड ठेवत नाही, कावळ्याची वाट बघत नाही. आपल्यात भूत नसतं. इतकी वर्षं कोणाला दिसलं नाही, ते तुला पुण्यात बसून दिसलं. आणि दिसलं ते कोणाचं? जी बाई जिवंतपणी कोणाला चढ्या आवाजात बोलली नाही तिचं.

मागच्या पुस्तकात तू मला घातलंस. तो बाप, जो रोज रात्री कुलूप तीन तीनदा ओढून बघतो आणि पोरीशी बोलत नाही. तू ते वाचून दाखवलंस आणि हॉलमधले लोक माझ्याकडे बघून हसले. मी उठून आलो आणि तुला घरी येऊ नकोस म्हणालो. त्याला चार वर्षं झाली. मी अजून त्या शब्दावर ठाम आहे. पण मला घातलंस ते घातलंस. मी जिवंत आहे, तुझ्याशी भांडू शकतो. ती भांडू शकत नाही. म्हणून तिच्या वतीने मी लिहितो आहे.

पुस्तक बंद कर. दुसरी कोणतीही बाई घे.

शिवयोगी

ता. क. तुझा पत्ता सिद्धेश्वरी मावशीकडून घेतला. तिने दिला म्हणून तिच्यावर रागावू नकोस. चौथ्या मजल्यावर राहतेस असं ती म्हणाली. दाराला आतून कडी आहे का नुसतं ते फिरवायचं बटण? बटणावर विसंबू नये.


सोलापूर
४ डिसेंबर

भुवनेश्वरी,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पण या महिन्याचं जगाला लिहिलेलं पत्र मात्र वेळेवर आलं. अकरा प्रकरणं झाली. म्हणजे मी बंद कर म्हणाल्यावर तू दोन वाढवलीस.

शिवाय लोकांना तीन पुस्तकं वाचायला सांगितलीस. तू काय वाचून असं लिहितेस ते तरी बघावं म्हणून मी वाचनालयात गेलो. तिथला माणूस मला ओळखतो, मी पेपर वाचायला जातो. भुताचं पुस्तक मागितल्यावर त्याने माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. तिन्हींतली दोन मिळाली.

'मीठवाडीचा बंगला' वाचलं. पहिल्याच रात्री झोपाळा आपोआप हलतो, आणि तरी ती माणसं सबंध पुस्तकभर तिथेच राहतात. आपल्याकडचा माणूस असता तर सकाळच्या एसटीने परत आला असता. नवरा बायकोला म्हणतो, तुला भास झाला. बायको नवऱ्याला म्हणते, तुला भास झाला. दोघं मिळून एक दिवा लावत नाहीत. तू याला 'उत्तम बांधणी' म्हटलं आहेस.

दुसरं ते विहिरीचं. विहिरीतून हात येतो. तो कोणाचा ते शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. तू लिहितेस की न सांगण्यात लेखकाचं धाडस आहे. मी गिऱ्हाइकाला अर्धी विभूतीची वडी बांधून दिली आणि म्हणालो की हे माझं धाडस, तर चालेल का? मला त्या पुस्तकाने झोप लागली नाही असं उत्कर्षाबाई सगळ्यांना सांगत आहेत. झोप खोकल्यामुळे लागली नाही.

आता तुझ्याबद्दल. या वेळी तू तुझ्या कादंबरीतला तुकडा दिला आहेस, बाईला पुरतानाचा. त्यात चुका आहेत. लिहू नकोस हे माझं म्हणणं कायम आहे, पण चुकीचं तर मुळीच लिहू नकोस. लिंग उजव्या हातात ठेवत नाहीत, डाव्या तळहातावर ठेवतात. पूजाही डाव्या हातावरच करतो ना आपण? विसरलीस? आणि खड्ड्यात नुसती फुलं टाकत नाहीत. आत एका बाजूला कोनाड्यासारखी जागा खणलेली असते, त्यात बसवतात, मग मीठ, विभूती, बेल. मीठ पुष्कळ लागतं. पोत्याने लागतं. तू तिथे नव्हतीस, लहान पोरांना नेत नाहीत, सिद्धेश्वरी तुला अक्कलकोटला घेऊन गेली होती. तुला माहीत नाही तर गप्प बसावं.

दोन कड्या लावून घे. एक वर, एक खाली.

शिवयोगी


सोलापूर
२० जानेवारी २०२५

भुवनेश्वरी,

'एका जुन्या वाचकाचं खरमरीत पत्र आलं, त्यांच्यामुळे माझी मोठी चूक सुधारली, त्यांची ऋणी आहे.'

हे तू छापलंस. उत्कर्षाबाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "काका, हा वाचक कोण असेल हो? फार माहितगार दिसतो." त्यांना कळलेलं आहे. मी मिठाच्या पोत्याचा विषय काढला नाही.

मी तुझा वाचक आहे का? तुझी चूक मी सुधारावी म्हणून लिहिलं नव्हतं. तू लिहायचं थांबवावं म्हणून लिहिलं होतं. तू माझं मीठ घेतलंस, डावा हात घेतलास, आणि पुढे चाललीस. आता ती बाई माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर बसलेली आहे आणि तरी उठतेच आहे.

गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत दुकानात उभं राहायला जागा नसते, हे तुला माहीत आहे. ऐन गर्दीत रुद्रप्पा आला. तोच, कापड दुकानवाला, जो माझ्या लग्नात माझ्या मागे उभा होता आणि तुझ्या आईला नेताना पुढचा दांडा ज्याच्या खांद्यावर होता. चार लोकांत म्हणाला, "काय शिवयोगी, वैनी येतात म्हणं संध्याकाळच्या."

मी म्हणालो, "काय घ्यायचं ते घे अन् नीघ."

"रागावतो कशाला. माझी सून फोनवर वाचत हुती. म्हणली, मामंजी, ह्यांच्यात मेलेली बाई मागच्या दारी येती. मी म्हणलो, त्या घरची माणसं पुढच्या दारी बोलत न्हाईत, ती बिचारी मागच्याच दारी येणार की."

लोक हसले. मी त्याला विभूती दिली नाही. पन्नास वर्षांची ओळख. जाताना तो म्हणाला, "तू लई बदललास." मी बदललो नाही. मला माझ्या दुकानात माझ्या बायकोचा विषय नको, एवढंच.

सिद्धेश्वरीला फोन केला. म्हटलं, तुझ्या सख्ख्या बहिणीचं ती भूत करते आहे, तू मावशी आहेस, तू सांग. ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो. "भावजी, लिहू दे की. पोरगी तितं एकटी बसून आईचं काय तरी करती. तुमी तेवढं तरी केलाव का? कदी बसून बोललाव तिच्यासंगं, आई कशी गेली, कुटं हाय?"

मी म्हणालो, बोलण्यासारखं त्यात काय होतं. गेली, बसवून आलो. सांगितलं होतं की.

"व्हय, सांगितलाव. एवडंच सांगितलाव," म्हणाली आणि फोन ठेवला. अक्कलकोटची माणसं फोन लवकर ठेवतात.

तू लिहितेस की बारा प्रकरणं झाली पण शेवट सापडत नाही. सापडणार नाही. ज्या गोष्टीला शेवट झालेला आहे तिला तू दुसरा शोधते आहेस.

लोकांना या महिन्यात काय वाचायला सांगितलंस ते बघितलं नाही. खोटं का सांगू, बघितलं. त्या जुळ्या बहिणींच्या पुस्तकाचा शेवट मला तिसाव्या पानावर कळला. मीही तुला एक वाचायला सांगतो. आमच्या गल्लीत पाणी कधी येणार याची पाटी लावतात. ती वाच. दर चार दिवसांनी बदलते, काही खरं नसतं, आणि सगळे घाबरून हंडे घेऊन उभे असतात.

शिवयोगी


सोलापूर
१२ फेब्रुवारी

भुवनेश्वरी,

तुला शेवट सापडला म्हणे.

'शेवटच्या प्रकरणात मुलगी कुदळ घेऊन रुद्रभूमीत जाते. तिला बघायचंच आहे की आई अजून बसली आहे का.' असं लिहिलं आहेस. खाली लिहिलं आहेस की हे लिहून झाल्यावर तू रात्रभर दिवा मालवला नाहीस. मालवूच नये. उत्कर्षाबाईसुद्धा या वेळी हसल्या नाहीत. कागद दिला आणि आत जाऊन बसल्या.

दाक्षायणीला तू खणून काढणार. मातीतून, मिठातून, माझ्या हाताने ठेवलेल्या बेलातून. आणि ते छापून विकणार.

भुवना, मी आजवर जे कोणाला सांगितलं नाही ते तुला सांगतो, म्हणजे तुला कळेल की तू काय होतीस आणि काय झालीस.

तुझी आई गेल्यावर मला रात्रीचं जेवण जात नव्हतं. दुकानातून यायचो, सिद्धेश्वरी ताट वाढायला घ्यायची, मी भूक नाही म्हणायचो आणि पडायचो. सिद्धेश्वरीने दोन दिवस आग्रह केला, मग सोडून दिला. तू कोपऱ्यात बसून बघायचीस, बोलायची नाहीस. तेव्हा पाणी पहाटे यायचं. मी अंधारात उठून परसात नळावर जायचो. एक दिवस बघतो तर मागच्या दाराच्या पायरीवर ताट. वर पितळी झाकण. आत कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि गुळाचा खडा.

मला समजलं. बाप उपाशी झोपतो हे पोरीने बघितलं होतं. तोंडाने बोलायला तुला लाज वाटत असेल, म्हणून मी पहाटे जिथे येतो तिथे आणून ठेवलंस. मी नळापाशी उभ्यानेच खाल्लं. गूळ मला आवडत नाही, आणि तुला हे माहीत होतं, म्हणून जरा नवल वाटलं. पण पोरीने ठेवलाय म्हणून तोही खाल्ला. ताट राखेने घासलं आणि पायरीवर पालथं घालून ठेवलं, म्हणजे तुला कळावं की पोचलं.

रोज ठेवायचीस. रोज मी खायचो. आपण दोघं त्याबद्दल कधी एक अक्षर बोललो नाही. बोललो असतो तर ते मोडलं असतं असं मला वाटायचं. मी तेव्हा जगलो तो त्या भाकरीवर. दुसऱ्या कोणाच्या हातचं मला गिळत नव्हतं.

मग मला कावीळ झाली. दवाखान्यात ठेवलं. तुझी आई दवाखान्यातच गेलेली, म्हणून तू घाबरशील असं म्हणून सिद्धेश्वरीने तुला सांगितलं की अप्पा माल आणायला बागलकोटला गेलेत. बरा होऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी पहाटे परसात गेलो तर पायरी मोकळी. तिसऱ्या दिवशीही मोकळी. नंतर कधीच ताट आलं नाही. आणि तू माझ्याकडे बघेनाशी झालीस. मी घरात आलो की तू दुसऱ्या खोलीत.

मी विचारलं नाही. पोरगीच आहे, कंटाळली असेल. पण मी मनात तेव्हाच समजलो की आता हिला बापाचं काही उरलं नाही. पुस्तकात माझी टिंगल केलीस तेव्हा म्हणून मला धक्का बसला नाही. सुरुवात त्या पायरीवर झाली होती.

जी पोर उपाशी बापासाठी ताट ठेवत होती ती आता आईवर कुदळ चालवते. हे लिही तुझ्या पुढच्या पत्रात. माणसं याला जास्त घाबरतील.

शिवयोगी


सोलापूर
८ मार्च

भुवनेश्वरी,

या महिन्याचं तुझं पत्र कोणालाच आलं नाही. उत्कर्षाबाई रोज फोन बघतात. म्हणाल्या, "आजारी असेल का हो? कधी चुकवत नाही ती." मी म्हणालो, मला काय विचारता, मला ती वाचक समजते. पण मग सिद्धेश्वरीला फोन केला. ती म्हणाली, बरी हाय, बोलणं झालं, आवाज बसलाय तिचा. उन्हाळा सुरू झाला आहे, फ्रीजमधलं पाणी पीत असशील.

आज दुपारी कुरिअरवाला पाकीट देऊन गेला. त्यात तुझ्या कादंबरीचं तिसरं प्रकरण. सोबत चिठ्ठी नाही. पहिल्या कागदावर वर पेनने चार शब्द. 'अप्पा, हे वाचा ना.'

अप्पा ही हाक चार वर्षांनी आली आणि तीही कागदावर.

चार पानं वाचली. चष्म्याचा नंबर वाढला आहे बहुतेक. पुढचं उद्या वाचेन. त्यावर मत काय द्यायचं ते मग बघू.

शिवयोगी


सोलापूर
१६ मार्च

भुवना,

तुझं प्रकरण वाचलं. पहिल्यांदा दुकानात वाचलं, मग घरी, मग मागच्या पायरीवर बसून.

आधी रागाचं लिहितो. ते मला सोपं जातं. मुलगी नऊ वर्षांची आहे आणि बोलते कॉलेजातल्यासारखी. ते बदल. परसात तुळस लिहिली आहेस, आपल्या परसात बेलाचं रोप होतं. आणि मावशीला तू फार वाईट केलं आहेस. सिद्धेश्वरीने त्या दिवसांत स्वतःचं घर सोडून आपल्या दोघांचं केलं. तिला कळलं तर ती काही बोलणार नाही, पण फोन लवकर ठेवेल.

आता बाकीचं.

मावशी त्या मुलीला सांगते की आईला मांडी घालून बसवलंय. मुलगी विचार करते की मांडी घालून माणूस कशाला बसतं? जेवायला बसतं. आणि आईला तर कोणीच वाढलेलं नाही. मग ती रोज सगळे झोपायच्या आत आपल्यातली भाकरी काढून मागच्या पायरीवर ठेवते. आणि गूळ ठेवते, कारण आईला गुळाशिवाय भाकरी जात नाही.

गुळापाशी आलो आणि थांबलो. मी तुला मागच्या पत्रात गुळाचं आपल्या हाताने लिहून पाठवलं होतं. म्हणजे माझ्याआधी तुला कळलं. म्हणून तुझं या महिन्याचं पत्र गेलं नाही. मला हे समजायला एवढा वेळ लागला, आठवीपर्यंत शिकल्याचा दोष म्हण.

सकाळी ताट रिकामं असतं. नुसतं रिकामं नाही, घासून पालथं घातलेलं असतं. मुलगी म्हणते, कुत्र्याने खाल्लं असतं तर ताट घासलं नसतं. आईच घासून पालथं घालते. 'मीठवाडीचा बंगला' याच्यापुढे काहीच नाही. मग एक दिवस ताट तसंच. भाकरीला मुंग्या. दुसऱ्या दिवशी तसंच. मुलीला वाटतं, आई रागावली. आपलं काहीतरी चुकलं. आता ती पायरीवर थांबणार नाही, घरात येईल. म्हणून मुलगी मागचं दार बघायचं सोडते. आणि बाप गावाहून परत येतो तर पिवळा, गाल बसलेले, आणि पोरीला वाटतं की आईने आता याला धरलं. म्हणून ती बापाकडेही बघत नाही.

मी कावीळ होऊन आलो होतो, भुवना. मी पिवळा दिसणारच.

तू त्या दुसऱ्या खोलीत जायचीस ते यासाठी. मला काय वाटलं होतं ते तुला मागच्या महिन्यात लिहिलं. ते पत्र फाडून टाक. का नको, राहू दे.

मी आता जे लिहितो ते कुदळीच्या ऐवजी घे. मी मुलगी नाही आणि लेखकही नाही, पण मी तिथे होतो, तू नव्हतीस. तुला बघायचं आहे ना की ती कशी बसली आहे? मी सांगतो. विधी करणाऱ्या जंगमांनी सांगितलं तसं मी आत उतरलो. तुझ्या आईला कोनाड्यात टेकून बसवलं. मान एका बाजूला कलत होती, ती मी सरळ केली. लिंग डाव्या हातावर ठेवून बोटं मिटवली, एक बोट मिटेना, ते मी थोडा वेळ धरून ठेवलं. हिरवं इरकल लुगडं होतं, तुझ्या बारशाचं. मग मीठ. तोंडावर टाकायची वेळ आली तेव्हा रुद्रप्पाने माझ्या हातातून घमेलं घेतलं, तो म्हणाला, तू वर ये, मी घालतो. त्याच रुद्रप्पाला मी विभूती दिली नाही. परवा त्याच्या दुकानात जाऊन देऊन आलो. तो म्हणाला, काय झालं तुला? मी म्हणालो, काही नाही, घे.

ती तिथेच आहे. ती उठली नाही. एकदाही उठली नाही. मी दर वर्षी जाऊन येतो, माती सपाट आहे, वर गवत आहे.

घरी असताना तिची एक सवय होती, मी दुकानातून आलो की पायातली चप्पल काढायच्या आत विचारायची, "ऊटा आत?" जेवलात का. कानडीत एवढंच. तू तुझ्या भुताच्या तोंडी हे वाक्य घातलं आहेस. ती मागच्या दाराशी येते आणि विचारते, ऊटा आत? इतक्या वर्षांनी तुझ्या लक्षात राहिलं. माझ्या नव्हतं राहिलं. म्हणजे राहिलं होतं, मी तिकडे जात नव्हतो.

ते ताट माझ्यासाठी नव्हतं हे मला पटायला आठवडा गेला. मी रोज सकाळी पायरीवर जाऊन बसलो आणि स्वतःला सांगितलं. माझ्याकडे तुझी तेवढी एकच वस्तू होती. तुझ्यावर रागावलो तरी ती होती. हॉलमधून उठून आलो त्या दिवशीही होती. ती आता माझी नाही, तुझ्या आईची आहे. मी मधल्या मध्ये खाल्ली. पण खाल्ली ती माझ्या अंगी लागली. तू ठेवली नसतीस तर मी राहिलो नसतो, हे काही बदलत नाही.

पुस्तक बंद कर म्हणालो होतो. आता तसं म्हणत नाही. शेवट मात्र माझ्याकडून घे. मुलीला कुदळ देऊ नकोस. तिला एक दिवस पहाटे जाग येऊ दे. पाण्याचा आवाज येऊ दे. मागचं दार उघडून तिला बघू दे. नळापाशी एक माणूस उभ्याने भाकरी खातो आहे. लोक याला घाबरतील का, ते मला माहीत नाही. मी तरी घाबरलो.

भूक तिला नव्हती, भुवना. मला होती.

मे महिन्यात सिद्धेश्वरी इकडे येणार आहे. तू त्याच्या आधी ये किंवा नंतर ये, मी तारीख सांगत नाही. रुद्रभूमीत जायचं तर मी सोबत येईन, लांबून बघायचं, खणायचं नाही. मागच्या दाराला मी दुसरी कडी बसवून घेतली होती, ती काल काढली. नाहीतरी गंजली होती.

ताट वाढलंस तर माझ्यासमोर आणून ठेव. आणि गूळ नको. मला अजूनही आवडत नाही.

अनेक आशीर्वाद.

अप्पा